पोराची छाती भरली की रात्र कशी काढायची?

पत्र

दक्षिण महाराष्ट्रातल्या ऊसपट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका शिक्षिकेनं लिहिलं आहे. मुलगा अडीच वर्षांचा, वजन १२ किलो. दिवाळीनंतर दुसऱ्यांदा त्याची छाती भरली आहे. पहिल्या खेपेला डॉक्टरांनी ‘ब्राँकायटिस’ (श्वासनळ्यांची सूज) असं सांगून त्याला दवाखान्यात ठेवून घेतलं होतं. या वेळी घरीच ठेवायला सांगितलंय आणि घरघर वाढली तर पंप (इनहेलर) किंवा नेब्युलायझर, म्हणजे औषधाचं धुकं करून मास्कमधून देणारं मशीन, द्यायला सांगितलंय. नवरा आठवडाभर पुण्यात. घरात सासूबाई खिडक्या लावून ओव्याची धुरी देतात, चादरीखाली पातेल्याची वाफ देतात, नाकात कोमट तेल सोडतात. केळं आणि अंघोळ बंद. नवरा फोनवर म्हणतो, ‘पंपाची सवय लागते, त्यापेक्षा एखादं जोरदार अँटिबायोटिक मागून घे.’ ताई विचारतात: रात्री कफ बाहेर कसा काढू? सासूबाईंना कसं सांगू? आणि मी दिवसभर शाळेत असते, तो पाळणाघरात. म्हणून हे वारंवार होतंय का?

उत्तर

ताई, तुमच्या दोन पानी पत्रात कफ पदोपदी भेटतो. मुलगा मिनिटाला किती श्वास घेतो, पाणी पितो का, शू किती वेळा झाली, ताप उतरल्यावर खेळतो का, हे मात्र एकदाही आलेलं नाही. लहान मुलांच्या वॉर्डातल्या कुठल्याही सिस्टरला विचारा. रात्रपाळीला फेरी मारताना ती खोकल्याचे आवाज मोजत नाही, बंडी वर करून पोट बघते. तुम्हीही मोबाइलच्या उजेडात छातीकडे बघताच आहात. नेमकं काय बघायचं, तेवढं कुणी सांगितलेलं नाही. तेच आधी सांगते.

पण त्याआधी कफाचं. अडीच वर्षांच्या मुलाला थुंकता येत नाही. खोकून वर आलेला कफ तो गिळतो. मग कधी उलटीतून पडतो, कधी शौचातून जातो. खोकता खोकता एकदा भडभडून उलटी झाली आणि त्यानंतर पोर शांत झोपलं, हे तुम्ही पाहिलंच असेल. तेव्हा कफ बाहेर काढण्याचं काम त्याचा खोकलाच करतोय, तुम्ही वेगळं काही करायचं नाही. आजार मुळात श्वासनळ्यांच्या आतल्या अस्तराला आलेल्या सुजेचा आहे, आणि बहुतेक वेळा तो विषाणूंमुळे होतो. ताप दोन-तीन दिवसांत जातो, खोकला दोन ते तीन आठवडे रेंगाळतो. दहाव्या दिवशी पोर खोकतंय म्हणजे औषध लागू पडलं नाही, असा अर्थ काढू नका.

एक हिशेब मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. नळीचा व्यास निम्मा झाला तर हवेला होणारा अडथळा दुप्पट नाही, सुमारे सोळापट वाढतो. मोठ्या माणसाच्या नळीत थोडी सूज आली तर खोकला येतो, तेवढीच सूज लहान मुलाच्या नळीत आली तर दम लागतो. आणि मूल रडायला लागलं की हवा जोरात, भोवरे घेत ओढली जाते, अडथळा आणखी वाढतो. म्हणून त्याला रडवून केलेला कुठलाही उपचार, मग तो चादरीखालचा वाफारा असो की हातपाय धरून लावलेला नेब्युलायझरचा मास्क, त्याच्या श्वासाला महागात पडतो. शांत ठेवणं हीच निम्मी शुश्रूषा आहे. हे उगाच गोड बोलणं नाही, वॉर्डात आम्ही आईला मुलाच्या कॉटवर बसू देतो ते याचसाठी.

आता श्वास मोजणं. मूल झोपलेलं किंवा मांडीवर निवांत असताना कपडा छातीच्या वर करा. भिंतीवरचं सेकंदकाट्याचं घड्याळ किंवा मोबाइलचा टायमर लावा आणि पोट एकदा वर आलं की एक, असं पूर्ण मिनिट मोजा. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करू नका, लहान मुलांचा श्वास एका लयीत नसतो. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे श्वास मिनिटाला ४० किंवा त्याहून जास्त भरले, तर तो जलद श्वास. दोन महिने ते एक वर्ष या वयात हा आकडा ५०, आणि दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६०. अंगणवाडीताई आणि आशाताई हेच आकडे वापरतात. ताप असताना श्वास वाढतोच, तेव्हा ताप उतरल्यावर पुन्हा मोजा. शांत, ताप नसलेल्या मुलाचे श्वास ४० किंवा त्याहून जास्त राहत असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं, रात्र असेल तर सकाळची वाट बघायची का हे फोनवर विचारायचं. आकडा वेळेसकट वहीत लिहून ठेवा. ‘रात्री खूप दम लागत होता’ यापेक्षा ‘रात्री दोन वाजता ४८, पाच वाजता ३६’ हे डॉक्टरांच्या जास्त उपयोगी पडतं.

आकड्याच्या बरोबरीनं बघायचं ते ओढ. श्वास आत घेताना बरगड्यांच्या खालची कातडी आत खेचली जाते का, गळ्याच्या खाली दोन हाडांमधला खळगा पडतो का, नाकपुड्या फुलतात का. आपल्याकडे ‘पोट उडतंय’ म्हणतात ते हेच. ही ओढ दिसली, श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज आला, ओठ किंवा जीभ निळसर-राखाडी दिसली, मूल पाणीसुद्धा पिईना, दम लागून वाक्य तुटायला लागलं, गळून पडलं किंवा हाक मारूनही नीट जागं होईना, तर १०८ ला फोन लावा किंवा मिळेल त्या गाडीनं निघा. एक धोक्याची खूण लोकांना उलटी वाटते. इतका वेळ मोठ्यानं घरघरणारं मूल एकदम शांत झालं, पण ओढ तशीच आहे आणि मूल मलूल आहे, तर ते बरं झालेलं नाही, थकलेलं आहे. वाटेत त्याला आडवं करू नका, मांडीवर उभं धरून बसा, तोंडात काही घालू नका, तीन-तीन गोधड्यांत गुंडाळू नका. शेवटचं औषध किती वाजता दिलं ते सांगता आलं पाहिजे. घरात कोविडच्या वेळचा, रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर असेल तर तो मोठ्यांच्या बोटाचा आहे. इवल्याशा बोटावर तो सैल बसतो आणि भलतेच आकडे दाखवतो. ९८ दिसतंय म्हणून उडणाऱ्या पोटाकडे दुर्लक्ष करू नका.

यातलं काहीच नाही, फक्त खोकला आणि थोडी घरघर आहे, अशा रात्रीसाठी आता बोलू.

सपाट झोपवलं की खोकला वाढतो. उशीवर उशी रचली तर मान पुढे मुडपते आणि श्वास उलट अडतो. त्याऐवजी गादीच्या खाली डोक्याकडून घडी केलेली सतरंजी सरकवा, म्हणजे कंबरेपासून वर सगळं अंग तिरकं राहील. फार बेचैन असेल तर तुम्ही भिंतीला टेकून बसा आणि त्याची पाठ तुमच्या छातीला लावून त्याला मांडीत घ्या. एक वर्षाच्या आतल्या बाळांना मात्र उशी किंवा उतार काही नको. त्यांना झोपवायचं ते पाठीवर, सपाट गादीवरच. जागेपणी खांद्याशी उभं धरा.

नाक मोकळं करणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय आहे. पुष्कळदा छातीची वाटणारी घरघर नाकातली असते. मेडिकलमध्ये मिठाच्या पाण्याचे, म्हणजे सलाइनचे नाकात घालायचे थेंब मिळतात. त्याला मांडीवर थोडं मागे रेलून घ्या, प्रत्येक नाकपुडीत दोन-तीन थेंब सोडा, मिनिटभर थांबा, मऊ फडक्यानं पुसा. जेवणाआधी आणि झोपण्याआधी करा. घरी मीठ कालवून करू नका, प्रमाण चुकलं की झोंबतं आणि पुढच्या वेळी तो नाकाला हात लावू देणार नाही. नाक मोकळं करणारी दुसरे औषधी थेंब डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नकोत.

पाणी, पेज, वरणाचं पाणी, कोमट सूप, जे घेईल ते घोटाघोटानं आणि वरचेवर. पोट तट्ट भरलं की फुप्फुसांना जागा कमी पडते आणि उलटीही होते, म्हणून एका वेळी वाटीभर नको, चार-पाच चमचे पुरे. दोन दिवस पोळीभाजी कमी खाल्ली तर काही बिघडत नाही. सहा-आठ तास शू झाली नसेल तर मात्र बिघडलंय. झोपताना अर्धा चमचा मध चाटवलात तर खोकल्याला थोडा उतार पडतो, पण एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध कधीच नाही, बोटावर लावूनसुद्धा नाही.

तापाच्या औषधात घोटाळा होतो तो बाटलीच्या ताकदीत. पॅरासिटामॉलचा डोस वजनावर ठरतो: दर किलोला १५ मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या मुलाला १८०. एका बाटलीत ५ मिलीला १२० मिलिग्रॅम असतं, दुसरीत २५०. पहिलीतून द्यायचं तर साडेसात मिली, दुसरीतून जेमतेम साडेतीन मिली. ‘एक चमचा’ हे माप म्हणूनच कामाचं नाही. बाटलीवरचा आकडा वाचा, डॉक्टरांनी मिली सांगितले ते कुठल्या बाटलीचे ते विचारून घ्या, सोबतच्या मापानंच द्या. दोन डोसांमध्ये सहा तास ठेवा, दिवसातून चारपेक्षा जास्त नको.

आता सासूबाई. तुम्ही विचारलंय त्यांना कसं समजावू. मला वाटतं, सगळ्याच गोष्टी समजावायला जाऊ नका. तीन गोष्टींवर अडून बसा आणि बाकीच्या सोडून द्या.

पहिली, धूर. ओव्याची धुरी, अगरबत्ती, चुलीचा धूर, डासांची कॉइल, कुणाची विडी, सगळं एकाच माळेतलं. सुजलेल्या नळ्यांना धूर आणखी आवळतो, मग त्यात ओवा असो की कापूर. चीन आणि मलेशियातल्या डासांच्या कॉइलवर झालेल्या २००३ सालच्या एका अभ्यासात एक कॉइल जळून ७५ ते १३७ सिगरेटींइतके बारीक कण खोलीत सोडते असं आढळलं. खिडक्या लावलेल्या खोलीत तर विचारूच नका. मच्छरदाणी लावा. खिडकी दिवसा उघडी हवी. पण तुमच्या भागात हंगामात फडातलं पाचट पेटवतात, गुऱ्हाळाचा धूर खाली बसतो, त्या संध्याकाळी मात्र ती बंद करा. त्या वेळी बंद खिडकीचा सासूबाईंचा आग्रह बरोबरच आहे, तसं त्यांना म्हणाही.

दुसरी, नाकात तेल किंवा तूप. तेल नाकातून घसरत फुप्फुसात जातं आणि तिथून ते सहजी निघत नाही, त्यानं वेगळाच न्यूमोनिया होतो. हे अजिबात नाही, दोन थेंबही नाही.

तिसरी, चादरीखालचं पातेलं. वाफ खालच्या नळ्यांपर्यंत पोचत नाही, नाक तेवढं ओलावतं. तेवढ्यासाठी उकळतं पाणी आणि हातपाय झाडणारं पोर एका चादरीखाली ठेवणं मला मान्य नाही. भाजलेली मुलं बघणाऱ्या कुणालाच ते मान्य होणार नाही. वाफ द्यायचीच असेल तर मोरीचं दार लावून गरम पाण्याची बादली त्याच्या हाताला लागणार नाही अशी दूर ठेवा आणि त्याला कडेवर घेऊन दहा मिनिटं बसा.

बाकीचं चालू द्या. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छाती शेकतात ना, तिनं कफ पातळ होत नाही, पण आधी आपल्या मनगटावर लावून कोमट असल्याची खात्री केली तर अपायही नाही. पोराला आजीचा हात लागतो, ते शांत होतं, आणि शांत होण्याचं मोल वर सांगितलंच आहे. कापूर किंवा बाम मात्र दोन वर्षांखालच्या मुलाला नको, आणि मोठ्यालाही नाकाजवळ नको. कापूर पोटात गेला तर फिट येते, त्याची वडी मुलाच्या हाती लागेल अशी ठेवू नका. पाठीवरून हात फिरवणं ठीक, पण कफ सुटावा म्हणून ओंजळीच्या हातानं जोरजोरात थोपटायची या आजारात गरज नाही, जेवल्यावर तर नाहीच. केळ्यानं कफ होत नाही. पण त्यावरून भांडूही नका, आठवडाभर केळं नाही खाल्लं तर चालतं. कोमट पाण्यानं झटपट अंघोळ चालेल, नाही घातली तरी चालेल.

आणि पुढच्या वेळी दवाखान्यात सासूबाईंना बरोबर न्या. धुरीचं डॉक्टरांच्या तोंडून त्यांनाच ऐकू द्या. सुनेनं सांगितलं की तो घरातला वाद होतो. शिवाय दिवसाचे श्वास मोजायचं काम त्यांनाच शिकवा. ज्यांनी मुलं वाढवली आहेत त्यांची नजर पक्की असते, त्यांना फक्त ४० चा आकडा द्यायचा आहे.

तुमच्या यजमानांच्या दोन्ही म्हणण्यांशी माझं जमत नाही. अँटिबायोटिक विषाणूंवर चालत नाही, आणि कफ पिवळा-हिरवा झाला म्हणून ते लागतं असंही नाही. ताप तीन दिवसांपुढे गेला, उतरून पुन्हा चढला, किंवा श्वास जलद झाला, तर डॉक्टर तपासून ठरवतील. ते मागून घ्यायचं औषध नाही. खोकल्याच्या सिरपचंही तेच. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात डायएथिलिन ग्लायकॉल हे विष असलेल्या सिरपनं लहान मुलं दगावली, त्यातली काही उपचारासाठी आपल्या नागपुरात आणली होती. त्या ऑक्टोबरात केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं पुन्हा बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा देऊ नयेत. विषाची भेसळ नसतानाही या वयात त्यांचा उपयोग फारसा नसतो आणि गुंगी येते. दम लागलेल्या मुलाला गुंगी नकोच.

पंपाची सवय लागत नाही. औषध थेट नळीत जातं, म्हणून तोंडावाटे द्यायच्या औषधापेक्षा त्याची मात्रा कितीतरी कमी असते. तुम्ही नेब्युलायझर विकत घ्यायच्या विचारात आहात. माझा कल स्पेसरकडे आहे, म्हणजे पंपाला जोडायची ती प्लास्टिकची नळकांडी, पुढे लहान मुलांचा मास्क असलेली. घरघरीच्या बहुतेक झटक्यांत ती नेब्युलायझरइतकीच गुणकारी असते, मशीनपेक्षा स्वस्त पडते, वीज गेली तरी चालते आणि पिशवीत मावते. मास्क नाक-तोंडावर घट्ट बसवा, पंप हलवून एकच फवारा मारा, त्याला पाच-सहा शांत श्वास घेऊ द्या. दुसरा फवारा सांगितला असेल तर अर्धा-एक मिनिट थांबून, पंप पुन्हा हलवून. आधी मास्क बाहुलीला लावा, आजीला लावा, मग त्याला. मास्क चेहऱ्यापासून चार बोटं दूर धरला तर औषध खोलीला मिळतं, मुलाला नाही. आठवड्यातून एकदा स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून काढा आणि फडक्यानं न पुसता तसाच वाळू द्या, पुसलं की औषध आतल्या बाजूला चिकटतं. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरायला लावा, तोंड पुसा. कुठलं औषध, किती फवारे, किती तासांनी, हे कागदावर लिहून घ्या. मागच्या वेळची उरलेली औषधं अंदाजानं देऊ नका. फवाऱ्यांचा आराम चार तासही टिकेनासा झाला तर घरी थांबायचं नाही.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, ज्याच्यासाठी मला वाटतं हे पत्र लिहिलं गेलं. नाही, तुम्ही शाळेत जाता म्हणून हे होत नाही. पाळणाघरात सर्दी जास्त लागते हे खरं. पण ती आज नाही तर बालवाडीत लागणारच. वारंवार होण्याची विचारण्यासारखी कारणं दुसरी आहेत. घरात कुणाला दमा किंवा शिंकांची ॲलर्जी आहे का, त्याला कोरडं खाजरं इसब आहे का, सर्दी नसताना, धावल्यावर, खळखळून हसल्यावर किंवा पहाटे तो खोकतो का? तसं असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, ‘हा बाळदमा आहे का?’ आईबाप घाबरतील म्हणून हे नाव पुष्कळदा टाळलं जातं आणि दर वेळी ‘ब्राँकायटिस’ लिहिलं जातं, मग उपचारही दर वेळी तात्पुरताच होतो. या वयात सर्दीबरोबर येणारी घरघर बहुतेक मुलांची सहा वर्षांपर्यंत थांबते. थांबेपर्यंत नीट औषध मिळालं तर झोपेचं आणि वाढीचं नुकसान होत नाही. आणखी एक, सर्दी नाही, ताप नाही, आणि शेंगदाणे किंवा फुटाणे खाता खाता एकाएकी ठसका लागून घरघर सुरू झाली असेल, तर तो ब्राँकायटिस नव्हे, दाणा श्वासनळीत अडकलेला असू शकतो. तसं काही झालं होतं का ते आठवा आणि झालं असेल तर आजच सांगा. अख्खे दाणे चार-पाच वर्षांपर्यंत देऊच नका, कूट द्या.

लसीकरणाचं कार्ड काढून न्यूमोकोकलचे, म्हणजे न्यूमोनियाच्या एका जंतूवरच्या लशीचे (६ आठवडे, १४ आठवडे, ९ महिने) आणि गोवराचे डोस झालेत का बघा. फ्लूची लस सहा महिन्यांनंतर दर वर्षी देता येते. सरकारी यादीत ती नाही, पण तुमच्या मुलासारख्याला ती द्यावी का हे डॉक्टरांना जरूर विचारा.

ताप उतरून एक दिवस गेला, खातोय, खेळतोय, श्वास ४० च्या आत आहेत, तर खोकला राहिला असला तरी त्याला पाळणाघरात पाठवा. तिथल्या मावशींना स्पेसर एकदा तुमच्यासमोर लावायला सांगा, तिथे कॉइल लावतात का ते विचारा, आणि शाळेच्या ऑफिसचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा, कारण वर्गात तुमचा मोबाइल पर्समध्ये असतो.